कॉम्प्युटर चालू होत नाही? आधी तो कुठे अडलाय ते बघा

हरतालिकेच्या दुपारी आम्ही गावच्या घरी पोचलो. गणपतीवरची माटवी बांधायची होती, पण पुतण्याला आरतीसंग्रहाची जुनी फाइल छापून हवी होती, आणि ती होती काकांच्या कॉम्प्युटरमध्ये. मे महिन्यात सगळे मुंबईला परतले तेव्हा त्याच्यावर जुनी चादर घालून ठेवलेली. काकांनी चादर काढली, बटण दाबलं, परत दाबलं. "ह्यो चालूच होना नाय रे."

मग अंदाज सुरू झाले. एक म्हणाला रॅम (चालू कामाची मेमरी) गेली. दुसरा म्हणाला मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) उडाला, आता नवीनच घ्या. तिसऱ्याने पालीवर संशय घेतला. यूपीएसचा, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज देणाऱ्या डब्याचा, दिवा लागलाय का, हे मात्र कोणी बघितलं नव्हतं. तो लागलेला नव्हता.

त्या कॉम्प्युटरमध्ये त्या दिवशी तीन वेगवेगळे बिघाड निघाले. पहिला दूर केल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता आणि दुसरा दूर केल्याशिवाय तिसरा. म्हणून नवशिक्याला मी एकच सांगतो: काय बिघडलंय याचा अंदाज बांधत बसू नका, गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली ते बघा. 'चालू होत नाही' म्हणणाऱ्या माणसाला चार वेगळ्या गोष्टी म्हणायच्या असू शकतात. बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखे फिरतात, पण स्क्रीन काळाच. कंपनीचं नाव दिसतं आणि पुढे एक इंग्रजी ओळ येऊन सगळं थांबतं. किंवा विंडोज सुरू होता होता अडकतं. यातलं तुमचं कुठलं ते ठरलं की निम्मं काम झालं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि तो चालू झाला, तर कशामुळे झाला ते कधीच कळणार नाही.

काहीच होत नाही: आधी भिंतीपासून सुरुवात

ज्या डब्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो (खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीपेक्षा लहान चिप, पण ते असो), तो इतक्यात उघडू नका. वीज भिंतीतून येते, तिच्या मागोमाग चला.

ज्या सॉकेटमध्ये यूपीएस लावलाय तिथे मोबाइलचा चार्जर लावून बघा. वीज असेल तर यूपीएस बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. घरगुती छोट्या यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं टिकली तर पुष्कळ, आणि चार महिने चार्ज न होता पडून राहिली की आतून मरते. बॅटरी पूर्ण बसलेले कित्येक यूपीएस भिंतीत वीज असूनही चालू होत नाहीत. काकांचा पहिला बिघाड हाच. यूपीएस बदलायची गरज नसते, तेवढ्याच व्होल्टची आणि मापाची बॅटरी आत बसते.

थेट लावूनही काही होत नसेल तर कॅबिनेटच्या मागे जा. वायर जिथे शिरते त्या चौकोनी भागाला, म्हणजे आतल्या भागांना लागेल तशी वीज देणाऱ्या डब्याला, एसएमपीएस म्हणतात. तिथे बऱ्याचदा एक काळा स्विच असतो, एका बाजूला रेघ, दुसऱ्या बाजूला गोल. रेघेची बाजू दाबलेली हवी. झाडू मारताना हा स्विच बंद पडलेला मी इतक्या वेळा पाहिलाय की आता फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे लिहिलेली लाल सरकपट्टी असते. ती आपल्याकडे कायम २३० वरच. उत्सुकता म्हणून ११५ वर सरकवून वीज दिलीत तर धडाका होईल आणि जळका वास घरभर.

मॉनिटरची वायर आणि कॅबिनेटची वायर सहसा एकाच जातीची असते. दोन्हींची अदलाबदल करून बघा. वायर एसएमपीएसमध्ये अंगठ्याने पूर्ण आत ढकला, नुसती टेकवलेली पुरत नाही.

एवढं करूनही शांतताच असेल, तर वीजप्रवाह पूर्ण तोडा, म्हणजे भिंतीतून वायरच काढा, आणि समोरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो. मग वायर लावून पुन्हा प्रयत्न. विजा चमकल्यानंतर किंवा लाइट सारखी ये-जा केल्यानंतर अडलेली मशीन एवढ्यानेही सुरू होते.

डबा उघडण्याआधी

वायर भिंतीतून काढलेली असली पाहिजे. मागचा नुसता स्विच बंद करण्यावर विसंबू नका. डाव्या बाजूचे दोन स्क्रू काढले की पत्रा मागे सरकतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. कोकणातल्या पावसाळी हवेत तिचा त्रास कमी, पण डिसेंबरात विदर्भात लोकरीचा स्वेटर घालून बसणार असाल तर हे विसरू नका.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. २३० व्होल्टची वीज आत आली की तिथल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ टिकून राहू शकते. जाळीतून आत मेलेली पाल दिसली तरी बोट किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका. तसा एसएमपीएस सरळ बदलावा.

पावसाळ्यात बंद राहिलेला कॉम्प्युटर आतून दमट असतो. पाण्याचा थेंब किंवा ओल दिसली तर त्या दिवशी वीज द्यायचीच नाही. पत्रा उघडा ठेवून साध्या पंख्याखाली निदान एक दिवस राहू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको. धूळ आणि मुंग्यांची घरं रंगकामाच्या मऊ, कोऱ्या ब्रशने काढा. ब्लोअर मारत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट उलटी फिरतात आणि पंखाच बिघडतो.

बटण की एसएमपीएस?

समोरच्या बटणापासून दोन बारीक वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांपर्यंत जातात. टोकाच्या प्लगवर 'पॉवर एसडब्ल्यू' असं लिहिलेलं असतं. शेजारी 'रीसेट एसडब्ल्यू' असतो. आधी मोबाइलने फोटो काढा, मग पॉवरचा प्लग काढून त्याच जागी रीसेटचा बसवा. वायर भिंतीत लावून रीसेटचं बटण दाबा. मशीन सुरू झाली, तर दोष फक्त बटणात होता. अशा मशीन रीसेटच्या बटणावर वर्षानुवर्षं चालतात, आमच्या एका शेजाऱ्याची चालली.

सुरू झाली नाही, तर एसएमपीएस तपासायचा. यासाठी लागते एक कागदाला लावायची पिन. मदरबोर्डवरचा सगळ्यात रुंद, २४ पिनांचा प्लग काढा. तो खटक्याने अडकलेला असतो, खटका दाबून सरळ वर ओढायचा. त्यात हिरवी वायर एकच असते, काळ्या बऱ्याच. वीज बंद असतानाच पिन 'यू'सारखी वाकवून एक टोक हिरव्या वायरच्या भोकात आणि दुसरं शेजारच्या काळ्या वायरच्या भोकात बसवा. हात काढा, मग वीज द्या. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. बऱ्याच नवीन एसएमपीएसच्या सगळ्याच वायर काळ्या असतात, तिथे अंदाजाने भोकं निवडू नका. ही चाचणी सोडून द्या.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, असंही नाही. रिकाम्या टेम्पोने घाट चढणं वेगळं आणि भरलेल्याने वेगळं. मल्टिमीटर असेल तर पिन तशीच ठेवून चार पिनांच्या जुन्या प्लगमध्ये मोजा: पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळ्यामध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. याबाहेरचा आकडा आला तर एसएमपीएस बदला. उलट, काही महागडे एसएमपीएस भार नसताना पंखा फिरवतच नाहीत, तिथे पंख्यावर न जाता मीटरवर विश्वास ठेवा.

पंखे फिरतात, स्क्रीन काळाच

सगळ्यात जास्त मशीन इथेच अडतात, आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच वाया जातात.

आधी मॉनिटर. त्याचा दिवा लागलाय का? 'नो सिग्नल' असं लिहून येत असेल तर मॉनिटर ठीक आहे, कॉम्प्युटरकडून चित्र येत नाही. केबल दोन्ही टोकांना घट्ट करा. कॅबिनेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी, मदरबोर्डच्या वरच्या पोर्टला नको. आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असतो, म्हणजे आय-फाइव्ह १२४००एफ वगैरे, त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र शोधत बसाल तर ते मिळणार नाही.

मग रॅम. काकांचा दुसरा बिघाड हा होता. यूपीएस बाजूला केल्यावर पंखे फिरले आणि बोर्डावरचा छोटा स्पीकर लांब लांब 'बीप' करायला लागला. बहुतेक बोर्डांवर असे लांब, न थांबणारे बीप म्हणजे रॅमची तक्रार. पण बीपची भाषा प्रत्येक बायोसची (बोर्डातला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) निराळी असते, तेव्हा बोर्डाचं मॅन्युअल मिळालं तर ते बघावं. बऱ्याच नव्या बोर्डांवर स्पीकर नसतो, काहींवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. जो लागून राहिला, तिथे गाडी अडली.

रॅम काढायची ती अशी. वीज तोडलेली आहे ना, पुन्हा एकदा बघा. स्लॉटच्या टोकांना पांढरे किंवा काळे खटके असतात, ते बाहेरच्या बाजूला दाबले की पट्टी आपोआप वर येते. पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. उजेडात तिरपी धरून बघा. काकांच्या रॅमचे दात पिवळे चमकायच्या ऐवजी फिकट तपकिरी दिसत होते, जुन्या तांब्याच्या पळीसारखे. चार महिन्यांची खारी, दमट हवा.

आता पांढरं, मऊ खोडरबर घ्या, शाळेतल्या मुलांचं असतं तसं. पेनाची शाई खोडायचं खरखरीत रबर नको, ते सोन्याचा पातळ थरच काढून टाकतं. पट्टी कोऱ्या कागदावर आडवी ठेवा आणि दातांच्या मुळापासून टोकाकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने चार-पाच वेळा घासा. दोन्ही बाजू. कणी ब्रशने झाडून टाका, एकही स्लॉटमध्ये पडता कामा नये. स्लॉटही कोरड्या ब्रशने साफ करा. पट्टीच्या खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी दाबा. दोन्हीकडून 'खट्' असा आवाज आला पाहिजे. नवशिके इथे घाबरून अर्धवट दाबतात आणि मग रॅम गेली म्हणतात.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्यात बसत नाही. जोर करू नका. आणि पट्टी बदलल्यावर स्क्रीन लगेच आला नाही तर दोन-तीन मिनिटं थांबा. नव्या बोर्डांना, विशेषतः डीडीआर५ च्या, रॅम ओळखायला वेळ लागतो. तेवढ्यात बटण दाबून बंद केलंत तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू.

अजूनही काळाच असेल तर सगळं उतरवा. हार्डडिस्कच्या वायर, डीव्हीडी ड्राइव्ह, यूएसबीला लावलेलं सगळं, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ग्राफिक्स कार्डही. उरलं पाहिजे फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा छोटा पॉवर प्लगही बसलाय ना बघा, तो राहिला तर पंखे फिरतात आणि चित्र येत नाही. या उघड्या-बोडक्या अवस्थेत चित्र आलं, तर एकेक वस्तू परत लावत जा. जिच्यानंतर अडेल ती दोषी.

एक उलटी चाचणीही आहे. बोर्डाला स्पीकर असेल तर सगळी रॅम काढून मशीन चालू करा. बीप आले, तर खूश व्हा: बोर्ड आणि प्रोसेसर रॅम नाही म्हणून ओरडण्याइतके तरी जिवंत आहेत. रॅम नसतानाही गप्पच, तर मात्र बोर्ड किंवा प्रोसेसरकडे बघावं लागेल. बोर्डावरच्या डब्यांसारख्या उभ्या कपॅसिटरची डोकी सपाट आहेत की फुगलीत, तेही बघा. २००० च्या आसपास आणि पुढची काही वर्षं बनलेल्या बोर्डांमध्ये फुगलेले कपॅसिटर सर्रास सापडतात.

दोन सेकंद चालू होऊन आपणच बंद पडत असेल, तर कुठेतरी शॉर्ट शोधा, बोर्डाखाली पडलेला स्क्रू वगैरे. काही मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णतेवर संशय घ्या: प्रोसेसरचा पंखा फिरत नाही, किंवा त्याच्याखालची, उष्णता बाहेर पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालीय.

कंपनीचं नाव दिसलं, आणि थांबला

इथवर आलात म्हणजे वीज, बोर्ड, रॅम सगळं ठीक. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असली ओळ आली तर आधी यूएसबीला पेनड्राइव्ह राहिलाय का बघा आणि काढा. हसू नका, मी स्वतः एकदा तासभर घालवलाय.

काकांचा तिसरा बिघाड इथे निघाला. खोडरबराने रॅम लागली, स्क्रीन आला, आणि तारीख दाखवत होता १ जानेवारी २०१२ ची. तारीख अशी मागे गेली की समजायचं, बोर्डावरचा गोल सेल संपला. नाव सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानात मिळतो. कॉम्प्युटर भिंतीत लावलेला असतो तेव्हा घड्याळ एसएमपीएसच्या विजेवर चालतं. वायर काढून ठेवली की सगळा भार या सेलवर. सेल गेला की तारखेबरोबर बायोसची सेटिंगही विसरली जाते, आणि हार्डडिस्क पहिल्या नंबरवर ठेवायची, हे मशीनला आठवत नाही.

सेल बदलताना वायर काढा, खटका दाबा, जुना काढून पाच-दहा मिनिटं थांबा, नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. मग चालू करताना डिलीट किंवा एफ२ टिचकवत राहिलात की बायोस उघडतो. तारीख-वेळ भरा आणि बूटच्या पानावर आपली हार्डडिस्क पहिली आणा. डिस्क यादीत आहे पण विंडोज सापडत नाही, तर लेगसी आणि यूईएफआय (मशीन सुरू करण्याची जुनी आणि नवी पद्धत) यातला आत्ता नसलेला पर्याय निवडून बघा. आधी काय होतं त्याचा फोटो काढून मगच. डिस्क यादीतच नसेल तर तिला बोर्डाशी जोडणारी साटा केबल बदला.

नव्या विंडोजवाल्यांनी बायोसला हात लावण्याआधी एक काळजी घ्यावी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सेल काढल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा.

हार्डडिस्कमधून 'टक् टक्' आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघायचा मोह आवरा. प्रत्येक वेळी आणखी डेटा जाऊ शकतो. तिथेच थांबा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे न्या.

विंडोजच अडकलं

विंडोजची खूण दिसते, टिंब गोल फिरतात आणि पुढे काही नाही. खूण दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्यांदा विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान दाखवतं. तिथे ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. स्टार्टअप रिपेअर आधी चालवा. नाही जमलं तर शेवटचं अपडेट काढून टाकण्याचा पर्याय. सेफ मोडमध्ये उघडलं तर आधी फाइली बाहेर काढा, दुरुस्ती नंतर.

दुकानात न्यायची वेळ आली तर

'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. 'पंखे फिरतात, रॅम एकेक करून लावून पाहिली, रॅम काढली तरी बीप नाही, एसएमपीएस १२.१ व्होल्ट देतोय' असं सांगा. समोरचा मदरबोर्ड बदलायची गोष्ट मग जपून काढतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्या.

काकांची आरती दुसऱ्या दिवशी पूजेच्या आधी छापून झाली. निघताना आम्ही यूपीएसची बॅटरी आणून बसवली, कॉम्प्युटरबरोबर ब्रॉडबँडची वायरही काढून ठेवली, कारण परतीच्या पावसात वीज पडली की ती त्या वायरवाटेही आत शिरू शकते. आणि शेजारच्या वहिनींना सांगून आलो: महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी, वायर लावून तासभर चालू ठेवा, त्यावर सिनेमा बघितलात तरी चालेल.